संकेतस्थळांतील ‘ब्रुटॅलिझम’

‘ब्रुटॅलिझम’ हा शब्द ऐकताच क्रौर्य आठवते. परंतु त्याचे नाते क्रौर्याशी नसून काँक्रीटशी आहे. फ्रेंच भाषेत ‘बेतों ब्रुत’ म्हणजे गिलावा न केलेले, उघडे काँक्रीट. मार्सेय येथे १९५२ साली पूर्ण झालेल्या निवासी इमारतीत ल कॉर्ब्युझिए यांनी लाकडी साच्यांचे वण भिंतींवर तसेच राहू दिले. त्यांनीच उभारलेल्या चंदीगडच्या सचिवालयातही हे उघडे काँक्रीट दिसते. १९५५ साली इंग्रज समीक्षक रेनर बॅनहॅम यांनी या शैलीची तीन लक्षणे सांगितली : इमारतीचे रूप मनावर ठसावे, रचना स्पष्ट दिसावी आणि सामग्री जशी आहे तशीच वापरावी.

आता प्रश्न असा की, संगणकाच्या पडद्यावर काँक्रीट कोठून आणायचे? तेथील मूळ सामग्री म्हणजे अक्षरे आणि दुवे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जगापुढे ठेवलेले पहिले संकेतस्थळ एवढ्यावरच उभे होते. पुढे चित्रे, हलत्या पट्ट्या, रंगीत चौकटी असा गिलावा चढत गेला. २०१४ साली पास्कल डेव्हिल यांनी हा गिलावा नाकारणाऱ्या संकेतस्थळांचा संग्रह सुरू केला आणि ‘ब्रुटॅलिस्ट’ हे नाव त्यांना चिकटले.

मात्र यात दोन प्रवाह आहेत. काहींची पाने साधी असतात, कारण कामाला तेवढेच लागते. जाहिरातींचे ‘क्रेगलिस्ट’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. दुसरे मुद्दाम भडक रंग आणि वेडीवाकडी अक्षरे वापरून वाचकाला दचकवतात. माझ्या मते हा दुसरा प्रकार म्हणजे उलट्या दिशेने केलेली सजावटच होय.

हा विषय मी केवळ पुस्तकी कुतूहलाने निवडलेला नाही. बारावीनंतर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी मी वडिलांचा फोन घेऊन दोन संध्याकाळी गावाबाहेरच्या टेकाडावर बसलो होतो. वर सरकती चित्रे उमटत. अर्जाचा दुवा काही येईना. चौथी शिकलेले वडील म्हणाले, “आपल्यालाच जमत नसंल.” दोष पानाचा होता, तो आम्ही स्वतःवर घेतला. तिसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन, पैसे मोजून अर्ज भरला.

साधे पान लवकर उघडते, जुन्या फोनवरही वाचता येते आणि अंध वाचकाला ते वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही सोपे जाते. म्हणून संकेतस्थळ सुंदर आहे की ओबडधोबड, हे ठरवण्यापूर्वी ते टेकाडावर बसलेल्या माणसाला उघडते का, हे पाहिले पाहिजे. उघड्या काँक्रीटपासून घ्यायचा धडा माझ्या मते हाच आहे.