मेहकरहून मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाचा माग कसा काढायचा?

प्रश्न : आमचे मूळ गाव मेहकर तालुक्यातले. खापरपणजोबांचे धाकटे भाऊ घरातून भांडून मुंबईला गेले आणि तिथून गिरमिटावर मॉरिशसला, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पुढे त्यांचे काय झाले, कोणालाच ठाऊक नाही. अशा लोकांच्या नोंदी तिकडे जपून ठेवल्या आहेत म्हणे. त्या आम्हाला पाहता येतील का? त्यासाठी मॉरिशसला जावेच लागेल का?
— एक वाचक, चिखली

उत्तर : नोंदी आहेत आणि चांगल्या अवस्थेत आहेत. पण विमानाचे तिकीट काढायची घाई करू नका. या शोधाचे निम्मे काम बुलढाणा जिल्ह्यातच करायचे आहे, आणि ते न करता तिकडे गेलेला माणूस बहुधा हात हलवत परत येतो.

मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी उठली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, ते हिंदुस्थानातून करारावर, म्हणजेच गिरमिटावर, नेले गेले. गुलामगिरी उठण्याच्या तोंडावरच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘ॲटलस’ जहाजातून ३६ जण पोर्ट लुईला उतरले. पुढच्या पाऊणशे वर्षांत हा आकडा साडेचार लाखांच्या वर गेला. ज्या धक्क्यावर त्यांची नोंद व्हायची तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. नोंदवह्या मात्र तिथे नाहीत. त्या मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरखान्यात आहेत.

या वहीत एका माणसाला एक ओळ. सुरुवातीला क्रमांक, मग नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, परगणा, जिल्हा. पुढे जहाजाचे नाव, उतरल्याची तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवले ते. यातला क्रमांक सर्वांत मोलाचा. तो त्या माणसाला जन्मभर चिकटलेला असे. लग्न, मृत्यू, नवा करार, परतीचा प्रवास, अशा कागदांतून तोच क्रमांक पुन्हा भेटतो. १८६० च्या दशकाच्या मध्यापासून मजुरांची छायाचित्रेही काढू लागले. तुमचे पूर्वज त्याआधी गेलेले असले, तरी करार संपवून तिथेच राहिले असतील तर पुढच्या ओळखपत्रासाठी त्यांचे छायाचित्र निघालेले असू शकते.

आता घरातली गोष्ट तपासून घ्या. मॉरिशसला सर्वाधिक लोक कलकत्त्याहून गेले, त्याखालोखाल मद्रासहून आणि सर्वांत कमी मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत भरणा कोकण-घाटाचा, वऱ्हाडातले थोडे. मुंबईची ही भरती १८६० च्या दशकानंतर जवळपास आटली. मलकापूर-नांदुरा-शेगावची आगगाडीही त्याच दशकातली. म्हणजे तुमचे पूर्वज त्याआधी गेले असतील तर मेहकर ते मुंबई हा प्रवास पायी किंवा बैलगाडीने झाला असणार, आणि ते आधी काही दिवस मुंबईत मजुरी करून मग जहाजावर चढले असण्याचाही संभव आहे. अशा वेळी वहीत गावाऐवजी नुसते ‘मुंबई’ लिहिलेले सापडू शकते. घरातल्या हिशेबाने ते १८८० नंतर गेलेले निघाले, तर मात्र ‘मॉरिशस’ या आठवणीवरच शंका घ्या.

गावाच्या नावाबाबत आणखी एक खबरदारी. वहीत ‘जिल्हा बुलढाणा’ शोधू नका. १८५३ पर्यंत वऱ्हाड निजामाकडे होते. जिल्हा म्हणून बुलढाण्याचे नाव रूढ झाले ते १८६० च्या दशकाच्या शेवटी. त्याआधीच्या नोंदीत मेहकर, मलकापूर, सिंदखेड असे परगणे किंवा नुसते निजामाचे राज्य असण्याची शक्यता जास्त. खामगाव आणि जळगाव (जामोद) १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते, म्हणून त्या भागातल्या वाचकांनी अकोल्याचे दप्तरही पाहावे.

नावांचेही तसेच. आडनाव बहुधा नसतेच. स्वतःचे नाव आणि बापाचे नाव एवढेच. लिहिणारा इंग्रज किंवा फ्रेंच वळणाचा कारकून, त्याने कानावर पडले ते उतरवले. ‘उ’साठी दोन ‘ओ’, ‘ई’साठी दोन ‘ई’ अशी अक्षरे धरून तुकाराम, बापू, रामजी यांची सगळी संभाव्य रूपे आधी कागदावर मांडून ठेवा. जातीच्या रकान्यावर फार भिस्त ठेवू नका.

म्हणून पहिले काम बापाचे नाव पक्के करण्याचे. तहसील कचेरीतले कोतवाल बुक तुमच्या परिचयाचे असेल. जातपडताळणीसाठी लोक त्याच्याच नकला काढतात. गेलेला माणूस त्यात नसेल, पण मागे राहिलेल्या भावाच्या मृत्यूची किंवा त्याच्या मुलांच्या जन्माची नोंद मिळू शकते. जुनी हक्कनोंदणीही पाहा. घरातले कोणी नाशिक-त्र्यंबकेश्वरला विधीसाठी गेलेले असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतल्या नामावळीत दोन्ही भाऊ एकाखाली एक सापडण्याची आशा आहे. जुनी वही मोडी लिपीत असेल, तर वाचणारा सोबत न्या.

त्यानंतर मुंबईचे राज्य पुराभिलेखागार. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या या दप्तरात मुंबई सरकारचा परदेशी मजुरांविषयीचा पत्रव्यवहार आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या पुष्कळ कागदांची सूची ‘अभिलेख पटल’वर घरबसल्या चाळता येते. दोन्हीकडे धोरणाचे कागद जास्त आणि नावे कमी, पण कोणत्या वर्षी कोणते जहाज सुटले याचा अंदाज येतो.

एवढे हाती आले की मोक्याच्या संस्थेला पत्र लिहा. नाव, बापाचे नाव, अंदाजे वय, निघाल्याचा पाच-दहा वर्षांचा टप्पा, गाव-परगणा आणि तुमचे नाते, सगळे एका पानात बसवा. वंशजांना आणि नातेवाइकांना नोंदीचा उतारा मिळवता येतो, पण प्रत्यक्ष जाणार असाल तर आधी परवानगी घ्या आणि मूळ वह्या हाताळायला मिळतील हे गृहीत धरू नका. परत आलेल्यांच्या नोंदीही आवर्जून विचारा. लाखाहून जास्त लोक करार संपवून परतले. तुमचे पूर्वज मुंबईला उतरून, भांडणाच्या रागापोटी, घरी कधी आलेच नाहीत असेही झाले असेल.

आणि ते तिथेच राहिले असतील, वंश वाढला असेल, तर हा शोध त्यांच्याही उपयोगाचा आहे. मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड देण्याची घोषणा राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मार्च २०२४ मध्ये तिथे केली. त्यासाठी पूर्वज भारतातून आल्याचा कागद लागतो, तो त्यांना मोक्याला मिळेल. गावात उरलेले भाऊबंद कोण, हे मात्र तुमच्या कोतवाल बुकाच्या नकलेवरूनच त्यांना कळेल. ती आधी काढून घ्या.