शेवटचे प्रोजेक्ट आणि कपाशीचे लाल पान

होस्टेलमध्ये एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाला मेसच्या रांगेपासून लायब्ररीपर्यंत एकच प्रश्न विचारतात, "काय मग, ॲक्युरसी किती आली?" ज्युनियर मंडळी आता इंटेलिजेंट सिस्टिम्सचे डिझर्टेशन सुरू करतील. म्हणून हा आकडा कसा तयार होतो, तेवढ्यापुरतेच लिहितो. माझा विषय होता पानाच्या फोटोवरून कपाशीचा रोग ओळखणे.

या विषयात बहुतेक जण 'प्लांटव्हिलेज' या तयार फोटोसंग्रहापासून सुरुवात करतात. त्यात ५४,३०६ फोटो, १४ पिके आणि २६ रोग आहेत. २०१६ साली मोहंती, ह्यूजेस आणि सालाथे यांनी त्यावर ९९.३५ टक्के अचूकता मिळवली आणि तो शोधनिबंध गाजला. पण त्याच निबंधात पुढे हेही लिहिले आहे की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर अचूकता सुमारे ३१ टक्क्यांवर आली. सेमिनारमध्ये पहिला आकडा सगळे सांगतात, दुसरा कुणी सांगत नाही! संग्रहातले फोटो तोडलेल्या पानांचे, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले. २०२२ मध्ये नोयान यांनी तर प्रत्येक फोटोतल्या पार्श्वभूमीचे फक्त ८ पिक्सेल मॉडेलला दिले, तरी ४९ टक्के उत्तरे बरोबर आली. नुसत्या अंदाजाने ३ टक्केही येत नाहीत. म्हणजे रोग न बघताच निम्मे पास!

बरं, त्या १४ पिकांत कपाशी नाहीच. सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी. बुलडाणा जिल्ह्यातल्या खरिपाला हा संग्रह काय कामाचा? तेव्हा फोटो स्वतःच काढायचे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, तुमचे वेळापत्रक विद्यापीठ नाही, पीक ठरवते. तुडतुडे पावसाळ्यात येतात, पान लाल पडते ते पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. सिनॉप्सिस मंजूर व्हायची वाट पाहत बसलात तर शेतात नुसत्या पऱ्हाट्या उरतात आणि वर्ष जाते.

मी शेगाव, नांदुरा आणि खामगाव तालुक्यांतल्या शेतांत फिरलो. एका काकांनी विचारलेच, "पऱ्हाटीचे फोटो काहून काढून राह्यला रे भाऊ?" सांगितल्यावर म्हणाले, "वरून काय दिसते? पान पलटवून पाह्य." हे वाक्य माझ्या डिझर्टेशनचे एक प्रकरण झाले. कारण लाल पान दोन कारणांनी दिसते. एक म्हणजे लाल्या. मॅग्नेशियम आणि नत्र कमी पडते, थंडी किंवा ओलाव्याचा ताण येतो आणि पान लाल होते. त्याला मॅग्नेशियम सल्फेट फवारतात. दुसरे म्हणजे तुडतुडे. ते पानाच्या खालच्या बाजूने रस शोषतात, कडा पिवळ्या होऊन खाली वळतात, मग लाल होतात. पान उलटवले की तिरके पळणारे हिरवट किडे दिसतात. त्याला कीटकनाशक लागते. मॉडेलने लाल्याला तुडतुडे म्हटले तर शेतकरी विनाकारण विष फवारणार. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

म्हणून प्रत्येक पानाचे दोन फोटो घेतले, वरचा आणि खालचा. रोगाचे नाव कृषीच्या दोन जाणकारांकडून वेगवेगळे लिहून घेतले, एकमेकांचे न दाखवता. त्यांचे किती जुळते हे कोहेन यांच्या १९६० सालच्या कप्पा सूत्राने मोजायचे. समजा १०० पैकी ८० पानांवर दोघांचे मत एक आले, पण योगायोगानेच ५० जुळली असती. मग कप्पा ०.८ ऐवजी ०.६ येतो, कारण उरलेल्या ५० पैकी ३० च खरी जुळली. जिथे माणसांचेच जमत नाही तिथे मॉडेलकडून ९९ ची अपेक्षा कशी करणार?

आता सगळ्यात महत्त्वाचे, स्प्लिट. एकाच झाडाचे दहा फोटो असतात. रँडम स्प्लिट केले की सात ट्रेनिंगमध्ये जातात, तीन टेस्टमध्ये. म्हणजे परीक्षेत क्लासमध्ये सोडवलेलेच गणित! मी फोटो नाही, अख्खी शेते बाजूला ठेवली. ज्या शेतातला एक फोटो टेस्टमध्ये, त्या शेतातला एकही ट्रेनिंगमध्ये नाही. ते फोल्डर शेवटी एकदाच उघडले. दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी शेजारी छापले, आणि शेतनिहाय आकडा अर्थातच कमी होता. रूममेट म्हणाला, "अरे, मोठाच आकडा दाखव ना, कोण बघतंय?"

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी आकडा विचारलाच नाही. "कशाला काय समजते ते दाखवा," म्हणाले. मी कन्फ्यूजन मॅट्रिक्सचे पान उघडले. लाल्याच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले, खालच्या बाजूचे फोटो मागवले आणि पुढचा सगळा वेळ आम्ही पानेच उलटवत बसलो.