कुणाच्या हातची नोंद?

कमलनगर,
येळवशीच्या आधीचा रविवार

चि. सोनी,


तुझा मेसेज दोनदा वाचला. उत्तर कागदावर लिहितोय, म्हणजे तुझ्याजवळ राहील. काँग्रेसचे नेते मल्लिकार्जुन खर्गे यांच्यावरच्या मराठी विकिपीडियाच्या लेखात तू त्यांच्या जन्मगावाबद्दल, वरवट्टीबद्दल, दोन वाक्यं घातलीस, आणि तासाभरात कुणीतरी 'संदर्भ नाही' म्हणून ती काढून टाकली. तू चिडून विचारलंस, "मामा, भालकी तालुक्यातलं वरवट्टी आपल्याला माहीत नसेल तर कुणाला असेल? आजी लहानपणापासून सांगत आलीय." तुझा राग मला समजतो. तरी ज्यानं ती वाक्यं काढली त्याचं बरोबर आहे, असंच मी म्हणेन. त्याला आजी दिसत नाही, त्याला फक्त वाक्य दिसतं. हे नीट कळावं म्हणून आधी माझ्या हातून झालेलं सांगतो.

मी हेडमास्तर होतो तेव्हा जूनमध्ये शाळा उघडली की बाप पोराला बखोटीला धरून ऑफिसात आणायचा. दाखल-खारीज रजिस्टर उघडून मी विचारायचो, "जन्म कधीचा?" "येळवशीच्या दुसऱ्या दिवशी झाला बघा, गुरुजी." "कोणत्या साली?" "थोरलीचं लगीन झालं त्याच्या फुडल्या साली." मग मी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचो. बोटं कानाला टेकली की समजायचं, शाळेचं वय झालं. आणि जन्मतारखेच्या रकान्यात लिहायचो: 1 जून. शाळेचं वर्ष जूनला सुरू, वय मोजायचं ते 1 जूनला, म्हणून ती तारीख सोयीची. साल मागे मोजून टाकायचं. येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी जन्मलेलं पोर माझ्या टाकाखाली उन्हाळ्यात जन्मलं. अशी किती पोरं असतील, मला आता मोजता येणार नाही. रजिस्टरातून ती तारीख टी.सी.वर गेली, टी.सी.वरून दहावीच्या मार्क्स कार्डावर, तिथून आधारवर. पुढे त्यातलं कुणी निवडणुकीला उभं राहिलं तर त्याच्या परिचयपत्रकात तीच छापली जाणार, आणि त्यावरून तुझ्यासारखी एखादी मुलगी ती विकिपीडियावर चढवणार.

ती तारीख खोटी आहे असं मी म्हणत नाही. सरकारदरबारी तीच खरी. पण ती कुठून आली हे मला माहीत आहे. म्हणून कोणतीही माहिती हाती आली की पहिला प्रश्न हाच विचार: ही नोंद कुणाच्या हातची? त्या हाताला ठाऊक होतं तेवढंच लिही, त्याहून कणभर जास्त नको. आपल्या भागातल्या जुन्या माणसांच्या जन्मसालाबद्दल आणखी एक सांगतो. निजामाच्या काळातल्या नोंदी फसली सालात असायच्या. फसलीत 590 मिळवले की इसवी सन मिळतो, पण फसली वर्ष जानेवारीत सुरू होत नसे, त्यामुळे एका वर्षाचा फरक सहज पडतो. दोन पुस्तकांत जन्मसाल एकानं मागेपुढे दिसलं तर कुणी लबाडी केली असं लगेच समजू नकोस.

आता खर्गे यांच्याकडे येऊ. 1948 मध्ये रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, त्यांचं घर जाळलं, त्यात त्यांची आई आणि बहीण गेली, हे त्यांचे चिरंजीव प्रियांक खर्गे यांनी 2024 मध्ये जाहीरपणे सांगितलं आणि पेपरात छापूनही आलं. म्हणजे संदर्भ होता. तू आजीवर विसंबून तो शोधलाच नाहीस. शिवाय तू 'सात वर्षांचे असताना' असं लिहिलं होतंस. जन्म 21 जुलै 1942 चा. हैदराबाद संस्थान भारतात आणणारी पोलीस ॲक्शन 17 सप्टेंबर 1948 ला संपली. वजाबाकी करून बघ, फार तर सहा पूर्ण होऊन सातवं लागलेलं. आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगतात, म्हणून सातवं लागलेलं पोर बोलण्यात सात वर्षांचं होतं. बोलण्यात चालतं, लेखात नाही.

आणि एके ठिकाणी तू 'मुसलमानांनी' असं लिहिलंस. ते पुन्हा लिहायचं नाही. ते कृत्य रझाकारांचं होतं, सगळ्या समाजाचं नव्हे, हे प्रियांक खर्गे यांनी स्वतः बजावून सांगितलं होतं. ज्यांच्या घरचं माणूस गेलं ते एवढं तोलून बोलतात, तर आपण का घसरावं? पोलीस ॲक्शननंतर आपल्याच बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर काय गुजरलं, ते भारत सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं लिहून ठेवलंय. त्या सालाबद्दल लिहिताना एकेक शब्द तपासून घे.

खर्गे विधानसभेवर नऊ वेळा निवडून आले, हे खरं. पण 'गुरमिटकलमधून नऊ वेळा' असं कुठे दिसलं तर थांब आणि बोटांवर मोज: 1972, 1978, 1983, 1985, 1989, 1994, 1999, 2004. आठ झाले. मतदारसंघांची फेररचना झाल्यावर 2008 चा नववा विजय चित्तापूरचा. त्यातही 1972 ला ते निवडून गेले ते म्हैसूर राज्याच्या विधानसभेवर, कारण राज्याचं नाव कर्नाटक झालं ते 1 नोव्हेंबर 1973 ला. चिंचोळीचे वीरेंद्र पाटील यांचंही तसंच. 1968 ला ते म्हैसूरचे मुख्यमंत्री झाले आणि 1989 ला कर्नाटकचे. दोन्हीकडे 'कर्नाटक' लिहिलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. तुझ्या यावं. गुलबर्ग्याचं कलबुर्गी 2014 च्या नोव्हेंबरात झालं, तर खर्गे यांच्या 2009 च्या खासदारकीपुढे 'कलबुर्गी' कसं लिहिशील?

ज्या काळची नोंद त्या काळचं नाव, ही गोष्ट सीमेवरच्या माणसाला बाहेरच्यापेक्षा लवकर कळायला हवी. शिवाजीराव पाटील निलंगेकर यांचंच बघ. 1985-86 मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. जन्म 1931 चा, निलंग्याचा. 'लातूर जिल्ह्यात जन्म' असं आपण सहज लिहून जातो. पण लातूर जिल्हा झाला 1982 ला. 1931 ला निलंगा हैदराबाद संस्थानच्या बिदर जिल्ह्यात होतं, उदगीर आणि अहमदपूरही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत हे तीन तालुके मुंबई राज्यात गेले, आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे आले. म्हणजे महाराष्ट्राचा एक मुख्यमंत्री आपल्या बिदर जिल्ह्यात जन्मला! हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा फार आनंद झाला होता. पण लिहिताना तो आनंदही बाजूला ठेवायचा. 'निलंगा, बिदर जिल्हा, हैदराबाद संस्थान (आता लातूर जिल्हा, महाराष्ट्र)' असं लिही. वाचणाऱ्याला काल आणि आज दोन्ही दिसतात, आणि कुणाचं काही हिरावून घेतलं जात नाही.

पेपरात आलं म्हणजे पक्कं, असंही धरू नकोस. 2009 मध्ये जर्मनीत कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग नावाचे नवे मंत्री झाले. त्यांना आधीच दहा नावं. कुणीतरी विकिपीडियावर त्यात 'विल्हेल्म' हे अकरावं नाव घुसडलं. पत्रकारांनी ते तिथून उचलून मोठमोठ्या पेपरांत छापलं. मग विकिपीडियावर शंका निघाली, तेव्हा त्याच पेपरांचा पुरावा पुढे करण्यात आला. साप आपलीच शेपटी गिळून बसला. म्हणून बातमीची तारीख बघ, आणि लेखाच्या वर 'इतिहास पहा' आहे तिथे जाऊन ते वाक्य लेखात कधी आलं ते बघ. वाक्य आधीचं आणि बातमी नंतरची असेल तर ती बातमी पुरावा म्हणून घेऊ नकोस. निकालासाठी निवडणूक आयोगाचे अहवाल आहेत, त्यातला आकडा घे.

खटल्यांच्या बाबतीत हात आणखी आखडता ठेव. गुन्हा नोंदवला, आरोपपत्र दाखल झालं, न्यायालयानं दोषी ठरवलं, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि बोलताना आपण तिन्हींना 'केस झाली' म्हणतो. सुप्रीम कोर्टाच्या निकालांनंतर 2003 पासून उमेदवाराला खटले, मालमत्ता आणि शिक्षण यांचं प्रतिज्ञापत्र भरावं लागतं. त्यात चालू खटले आणि झालेली शिक्षा वेगवेगळ्या रकान्यांत असतात. ते वाच. मात्र तेही उमेदवारानं स्वतःबद्दल लिहिलेलं असतं, म्हणून 'प्रतिज्ञापत्रानुसार' हा शब्द गाळू नकोस. जिवंत माणसाबद्दलची एक चुकीची ओळ त्याच्या घरातली शाळकरी पोरंही वाचतात. तो आपल्याला न आवडणाऱ्या पक्षाचा असला तरी.

तू शेवटी लिहिलंस की गावातला एक कार्यकर्ता मागे लागलाय, 'आमच्या साहेबांचं पान जरा चांगलं करून दे.' त्याला चहा पाज, पण पान तू करू नकोस. 'लाडके', 'दमदार', 'जनतेच्या मनातले' हे फ्लेक्सवरचे शब्द बस स्टँडवर लोंबतात तेवढे पुरेत. त्याच्याकडे जन्मगाव, शिक्षण, निवडणुकांची सालं यांचे छापील पुरावे असतील तर त्यानं ते लेखाच्या चर्चापानावर उघडपणे ठेवावेत, आपण साहेबांचा माणूस आहोत हेही तिथे सांगावं. मग कुणीही ते तपासून घेईल.

काढून टाकलेली वाक्यं तू परत घालायला जाऊ नकोस. चर्चापानावर संदर्भ दे, त्या माणसाचे आभार मान आणि दोन दिवस वाट पाहा.

येळवशीला ये. शेतात भज्जी-आंबील झाली की आजी झाडाखाली निवांत बसते, तेव्हा ती चांगलं बोलते. मी जाड वही आणून ठेवलीय. वरवट्टीबद्दल तिला जे आठवतं ते तिच्याच शब्दांत लिहून घेऊ, त्यातलं काय तिनं पाहिलं आणि काय ऐकलं ते वेगळं काढून. वर दिवस घालू आणि खाली तिचा अंगठा घेऊ. ते विकिपीडियावर जाणार नाही. तुझ्या आईला म्हणावं, येताना माझं टी.सी. शोधून आण, जुन्या ट्रंकेत आहे. त्यावरही 1 जूनच आहे.

तुझा,
मामा