जुन्या येझदीवर पनवेल–पणजी–पनवेल, चोवीस तासांत

हजार किलोमीटर भागिले चोवीस तास म्हणजे ताशी ४२ किलोमीटरही होत नाहीत. लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स रॅलीत जुनी मोटरसायकल घेऊन उतरायचं असेल, तर हा आकडा आधी मनात पक्का बसवा. ८०–९० च्या वेगाने दामटायची काही गरज नाही. अशी गाडी रस्त्यात उभी राहते ती बहुधा कुणीतरी तिला वेळ भरून काढायला लावलं म्हणून.

अमेरिकेतल्या ‘आयर्न बट असोसिएशन’ने ठरवलेली ‘सॅडलसोअर १०००’ ही जगभर मान्य झालेली कसोटी आहे: २४ तासांत १००० मैल, म्हणजे १६०९ किलोमीटर. सुरुवातीची आणि शेवटची वेळ पेट्रोलच्या पावत्यांवरून सिद्ध करायची असते. आपल्याकडचेही कितीतरी रायडर ती पुरी करतात, पण नव्या गाड्यांवर आणि चौपदरी रस्त्यांवर. त्यासाठी थांबे धरून ताशी ६७ ची सरासरी लागते. अडीचशे सीसीच्या जुन्या टू-स्ट्रोकने कोकणच्या रस्त्यावर ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हजार किलोमीटर ही तिच्या वयाला शोभणारी आणि तरीही घाम काढणारी कसोटी आहे. आणखी एक गोष्ट: सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा आहे. इथे स्पर्धा फक्त घड्याळाशी, आणि तेही सावकाश चालणाऱ्या.

सुरुवात पनवेलहून करायची, कारण रस्त्यांचा संगम इथे आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग जवळच कळंबोलीला सुरू होतो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. अटल सेतूवरही आहे. दुचाकीवाल्याचा खरा रस्ता पळस्पे फाट्यावर सुटतो: मुंबई–गोवा महामार्ग. पणजी तिथून पाचशे किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन हजार.

तीन महिने आधी

आधी कागद. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. पनवेलच्या बऱ्याच जुन्या गाड्यांवर पेणचा एमएच ०६ आहे. विमा, पीयूसी आणि नवी उच्च-सुरक्षा नंबरप्लेट हे सगळं हातात असल्याशिवाय गाडी उघडायला घेऊ नका. पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते, आणि मध्यरात्री रस्त्यात हवालदाराला ‘घरी आहे’ म्हणून सांगता येत नाही.

मग इंजिन. येझदीचा कारखाना, म्हैसूरची आयडियल जावा, १९९६ साली बंद पडला. म्हणजे तिथे बनलेली सगळ्यात तरुण येझदीही आज जवळपास तीस वर्षांची आहे. सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्याची नाना पेठ गाठावी लागते. जुना भाग सोबत नेऊन शेजारी ठेवून जुळवून घ्या. पिस्टन-रिंग बदलले असतील किंवा बोअर केला असेल, तर रॅलीआधी किमान हजार किलोमीटर गाडी हळूहळू रुळवायला हवी. म्हणून तीन महिने. सायलेन्सरची बॅफल काढून साचलेला कार्बन साफ करा. तो तुंबला की गाडी चढावर दमते आणि तापते, आणि मेस्त्री उगाच कार्बोरेटर उघडत बसतो.

सायलेन्सरचे पाइप सिलिंडरला जिथे जोडतात, तिथल्या पंखेदार चकत्या कंपनाने सैल होतात. येझदीची ही जुनी खोड आहे. चकती सैल झाली की आवाज फाटतो, जोडातून काळं तेल ओघळतं, आणि लक्ष दिलं नाही तर सिलिंडरवरचे आटे खराब होतात. त्यासाठी लागणारा आकडीचा पाना पिशवीत नव्हे, सीटखाली अगदी हाताशी ठेवा.

मागची चेन ज्या मॉडेलवर पूर्ण बंद कव्हरमध्ये असते, तिथे ती दिसत नाही म्हणून विसरली जाते. कव्हर काढा, चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही पाहा. स्पोकवर पान्याने हलकेच टकटक करत चाक फिरवा: ताणलेली तार खणखणीत वाजते, सैल तार बोदी. टायर-ट्यूब दोन्ही नवे घाला. यात काटकसर करू नये.

पेट्रोल आणि तेल

या टप्प्यावर बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीची रबरी नळी, कार्बोरेटरची वॉशरं, पेट्रोलच्या कॉकमधला बूच हे सगळं या पेट्रोलासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, मऊ पडतं, त्याचा चुरा होऊन जेटमध्ये अडकतो. नळी आणि वॉशरं इथेनॉल सोसणारी घाला, टाकीच्या खाली साधा फिल्टर लावा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पनवेलच्या दमट हवेत टाकी अर्धी भरून महिनाभर उभी ठेवली तर आतून गंजते.

दुसरं असं की इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. कार्बोरेटरची सुई एक खाच वर उचला, गरज पडली तर मोठा मेन जेट घाला. मग प्लग वाचा. गाडी ५०–५५ वर पाच-सहा किलोमीटर एकसारखी चालवा, क्लच दाबून तिथल्या तिथे इग्निशन बंद करा, कडेला घ्या आणि प्लग काढून पाहा. टोक बदामी-तपकिरी असेल तर जमलं. पांढरटलं असेल तर मिश्रण पातळ आहे, अशा गाडीने चिपळूणसुद्धा गाठायचा विचार करू नका. काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल जास्त होतंय.

तेलाचं प्रमाण २५ ला १ ठेवा, म्हणजे ५ लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर टू-टी. २०० मिलिलिटरच्या छोट्या बाटल्या घरूनच मोजून भरून घ्या. पहाटे तीन वाजता पंपावर अंदाजाने ओतलेलं तेल इंजिनाला महागात पडतं. कॉक बंद करा, आधी तेल ओता, वरून पेट्रोल भरू द्या, झाकण लावून गाडी हँडलला धरून चांगली हलवा, मगच कॉक उघडा.

वीज

पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर, प्लगची ०.६, फिलर गेज लावून मोजा, नजरेवर जाऊ नका. कंडेन्सर नवा घाला. गरम झाल्यावर गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, अशी तक्रार असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. रॅलीसाठी दुसरा कंडेन्सर टाकीखाली बांधून, वायर सोडून तयार ठेवावा. जोडायला मिनिटभर लागतो.

६ व्होल्टचा दिवा कोकणातल्या अंधाराला पुरत नाही. १२ व्होल्टचं काम करून घ्या, किंवा चांगला एलईडी बल्ब बसवा, आणि मागे लाल परावर्तक पट्टी भरपूर चिकटवा. मोबाइल गाडीच्या बॅटरीवर लावू नका. पॉवर बँक वेगळी ठेवा.

क्लचची केबल तुटणार असं धरूनच चाला. नवी केबल जुनीच्या शेजारून आधीच ओढून ठेवा, दोन्ही टोकं प्लास्टिकमध्ये गुंडाळा. तुटली तर फक्त टोकं बदलायची, टाकी काढायला नको.

सराव

महिनाभर आधी पनवेल–पोलादपूर–पनवेल करा. साधारण २९० किलोमीटर होतात, सात तासांत आरामात व्हायला हवेत. एकदा दिवसा, एकदा रात्री. यात तीन गोष्टी लिहून ठेवा: एका लिटरमध्ये गाडी किती जाते, रिझर्व्हवर किती जाते, आणि काय काय सैल झालं. जुना किलोमीटर-काटा फोनच्या जीपीएसशी ताडून पाहा. जे नट या फेरीत सैल झाले, तेच पुढेही होणार. त्यांना स्प्रिंग वॉशर घाला.

कधी निघायचं

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. गणपती आणि शिमग्याचे दिवस टाळा, त्या आठवड्यात हा रस्ता चाकरमान्यांचा असतो. नाताळच्या सुट्टीत गोव्याकडचा ओघ असतो, तोही नको. पौर्णिमेच्या आसपासची रात्र मिळाली तर फार बरं.

निघायची वेळ रात्री दोन. हिवाळ्यात चोवीस तासांपैकी साडेअकरा-बारा तास अंधार राहणारच. पहाटे पाचला निघालात तर परतीच्या प्रवासात, म्हणजे जाग येऊन चोवीस तास होत आले असताना, रात्री तीन ते पाचच्या वेळी ट्रकांच्या गर्दीत शिरता. झोप अनावर होते ती नेमकी तीच वेळ. दोनला निघालात तर ती वेळ ताज्या डोळ्यांनी निघून जाते. भोस्ते घाटात झुंजुमुंजू होतं, चिपळूणला सातला चहा, दुपारी दोनला पणजी. त्यासाठी आदल्या संध्याकाळी सहाला झोपायला हवं, आणि सलग चार-पाच दिवस तशीच सवय लावायला हवी. एका रात्रीत झोप सरकत नाही.

रस्त्यावर

दर ७०–८० किलोमीटरला थांबा. पळस्प्यापासून ८४ किलोमीटरवरचं रायगडातलं इंदापूर, मग पोलादपूर, चिपळूण, हातखंबा, खारेपाटण, कुडाळ. जाता-येता मिळून बारा थांबे, प्रत्येकी १२ मिनिटं, आणि पणजीला पाऊण तास. एवढ्याने सव्वातीन तास होत नाहीत. पंक्चरसाठी पाऊण तास वेगळा ठेवला की चार तास झाले. उरलेल्या वीस तासांत चालत्या गाडीची सरासरी ताशी ५० हवी. ५५–६० च्या पुढे कधी जाऊ नका.

थांब्यावर क्रम ठरलेला असू द्या. गाडी उभी केल्या केल्या सायलेन्सरच्या चकत्या, मग चाकं, चेन, तेल-पेट्रोल, आणि शेवटी तुम्ही. दोन घोट पाणी, थोडा गूळ-शेंगदाणे. पोटभर जेवण कुठेच नको. कुडाळला मासळीच्या वासाने पाय अडले तरी घावन-चटणीवर भागवा. चहा दर थांब्यावर घेतला तर पुढच्या थांब्याआधी उतरावं लागेल.

घाट उतरताना फार सांभाळा. टू-स्ट्रोकचं तेल पेट्रोलाबरोबर येतं. परशुराम घाटातून चिपळूणकडे तुम्ही एक्सलेटर सोडून नुसत्या इंजिनाच्या ओढीवर उतरलात, तर चाकं इंजिन फिरवत राहतात आणि आत पेट्रोल नाही, म्हणजे तेलही नाही. अशाने पिस्टन धरतो. दर काही सेकंदांनी क्लच दाबून एक्सलेटरला एक झटका द्या, वेग ब्रेकवर आवरा. एरवीही दोन बोटं क्लचवर राहू द्या. इंजिनाचा सूर अचानक जड झाला, किंवा ताकद गळाल्यासारखी वाटली, तर त्याच क्षणी क्लच दाबा आणि कडेला घ्या. वीस मिनिटं थंड होऊ द्या, किक हाताने सावकाश फिरवून पाहा, फिरली तर पुढचे पन्नास किलोमीटर ४० वर.

परतीला हातखंब्याच्या आधीच रात्र होते. जिथे समोरच्या दिव्यांमागचा रस्ता दिसत नाही, तिथे वेग निम्मा करा. आखलेल्या वेळेच्या पाऊण तास मागे पडलात तरी चालेल, पण डोळे मिटू लागले की पुढचा पेट्रोल पंप हा तुमचा मुक्काम. तिथे गाडीला कुलूप लावून तासभर आडवे व्हा. चोवीसचे सव्वीस तास झाले तर कागदावर फेरी पुरी होणार नाही, आणि तरीही निर्णय हाच बरोबर.

पळस्प्याला परतल्यावर पंपावरून पावती घ्या, वेळ नीट छापली गेली आहे ना पाहा. घराजवळ शेवटचा किलोमीटर राहिला की कॉक बंद करा, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल जळून संपेल. दुसऱ्या दिवशी सिलिंडर हेडचे नट क्रॉस पद्धतीने पुन्हा आवळा, टाकी काठोकाठ भरून ठेवा, आणि प्लग काढून त्याचा रंग वहीत लिहा.