जॉन हाउलँड: एका चाकराचें घराणें

गेल्या वर्षीं इयत्ता आठवीच्या वर्गांत मीं 'आमचें घराणें' हा विषय निबंधासाठीं दिला होता. वह्या तपासावयास घेतल्या तेव्हां असें आढळलें कीं, बहुतेकांचे पूर्वज कोणी सरदार, कोणी किल्लेदार, आणि निदान पाटील तरी होते. एका वहींत मात्र मथळ्याखालीं पान कोरें होतें. त्या मुलास जवळ बोलावून कारण विचारलें असतां तो मान खालीं घालून म्हणाला, "सर, माझे आजोबा दुसऱ्याच्या घरीं चाकरीस होते. त्यांत लिहिण्यासारखें काय आहे?"

त्या वेळीं मला नीटसें उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देत आहें. त्यासाठीं तुम्हांस चारशें वर्षें मागें, इंग्लंडांत व तेथून समुद्रापलीकडे उत्तर अमेरिकेंत यावें लागेल. तिकडे वसाहत करण्यास गेलेल्या पहिल्या इंग्रजांत एक चाकर होता. त्याचें चरित्र, आणि तें शोधून काढतांना त्याच्याच वंशजांची झालेली एक चूक, हीं दोन्हीं आपणांस पुष्कळ शिकविण्यासारखीं आहेत.

जॉन हाउलँड हा हंटिंग्डनशर परगण्यांतील फेनस्टँटन या खेड्याचा. बापाचें नांव हेन्री व आईचें मार्गारेट. त्याचा जन्म सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दहा वर्षांतला. १६२० सालीं तो जॉन कार्व्हर नांवाच्या सधन गृहस्थाच्या पदरीं होता. अशा चाकरीचा त्या काळीं करार होत असे. ठरलेलीं वर्षें धन्याचें काम करावयाचें, आणि त्याबद्दल अन्न, वस्त्र, निवारा व समुद्रप्रवासाचा खर्च मिळवावयाचा. मुदत संपेपर्यंत चाकर हा स्वतःचा मुखत्यार नसे.

कार्व्हर हा इंग्लंडच्या सरकारी धर्मसंस्थेपासून विभक्त झालेल्या मंडळीपैकीं होता. छळामुळें ही मंडळी प्रथम हॉलंडांत गेली, आणि पुढें त्यांपैकीं कांहींनीं अमेरिकेस जाण्याचें ठरविलें. १६२० च्या सप्टेंबरच्या ६ तारखेस 'मेफ्लॉवर' जहाज १०२ उतारू घेऊन इंग्लंडांतील प्लिमथ बंदरांतून निघालें. अर्ध्या वाटेवर भयंकर वादळें झालीं. अशाच एका वादळांत हा तरुण चाकर जहाजाच्या पोटांतून वर आला, आणि जहाजानें हेलकावा देतांच समुद्रांत फेंकला गेला. दैवानें शिडाचे कांहीं दोर बाहेर पाण्यांत लोंबत होते. त्यांतील एक त्याच्या हातीं लागला. तो कांहीं वांव पाण्याखालीं गेला, तरी त्यानें दोर सोडला नाहीं. शेवटीं लोकांनीं दोर ओढून व आंकडा लावून त्यास वर घेतलें. नंतर तो कांहीं दिवस आजारी होता, पण वांचला.

ही हकीकत आपणांस ठाऊक आहे, ती विल्यम ब्रॅडफर्ड या सहप्रवाशानें लिहून ठेविली म्हणून. हाच ब्रॅडफर्ड पुढें पुष्कळ वर्षें वसाहतीचा गव्हर्नर होता. त्याचें नांव लक्षांत ठेवा. आपणांस पुन्हा त्याच्याकडे यावयाचें आहे.

नोव्हेंबरांत जहाज किनाऱ्यास लागलें. उतरण्यापूर्वीं ४१ पुरुषांनीं एका करारावर सह्या केल्या, कीं आपण सर्वांनीं मिळून आपला राज्यकारभार पाहावयाचा. १६६९ सालीं छापलेल्या यादींत या सह्यांमध्यें तेरावें नांव जॉन हाउलँड याचें आहे. कार्व्हर हा पहिला गव्हर्नर झाला.

ज्या जागीं त्यांनीं प्लिमथ गांव वसविलें, ती जागा ओसाड नव्हती. ओसाड झालेली होती. तेथें पॅटक्सेट नांवाचें वँपनोग लोकांचें गांव होतें. १६१६ ते १६१९ च्या दरम्यान परदेशीय लोकांबरोबर आलेल्या सांथीनें तें उजाड झालें होतें. दुसऱ्यांचीं शेतें या नवीन लोकांच्या उपयोगीं पडलीं, ही गोष्ट या वसाहतीचा इतिहास सांगतांना विसरतां कामा नये.

पहिला हिंवाळा या वसाहतवाल्यांसहि कठीण गेला. वसंत येईपर्यंत सुमारें निम्मीं माणसें मरण पावलीं. त्यांत एलिझाबेथ टिली या तेरा वर्षांच्या मुलीचे आईबाप आणि चुलताचुलती असे चौघेहि गेले. परक्या किनाऱ्यावर ती पोर अगदीं एकटी राहिली. १६२१ च्या एप्रिलांत शेतांत काम करीत असतां कार्व्हरचें डोकें दुखूं लागलें, आणि थोड्याच दिवसांत तो वारला. कांहीं आठवड्यांनीं त्याची पत्नीहि गेली. जॉन हाउलँड धन्यावांचून राहिला. दोन-तीन वर्षांनीं या निराधार मुलीशीं त्याचा विवाह झाला.

पुढील हकीकत सरकारी कागदांतून मिळते. १६२७ सालीं वसाहतीचीं गुरें लोकांत वांटून दिलीं गेलीं, तेव्हां बारा वांटे पडले व प्रत्येक वांट्यास तेरा माणसें लावलीं. चौथा वांटा हाउलँडच्या नांवें आहे. त्यांत तो, एलिझाबेथ, त्यांचीं दोन लेंकरें डिझायर व जॉन, आणि इतर मंडळी आहेत. व त्यांच्या वांट्यास 'रॅगहॉर्न' नांवाची एक कालवड आली आहे. एका कालवडीच्या नोंदीवरून आपणांस केवढें कळतें पाहा! या दोन मुलांचा जन्म १६२७ पूर्वींचा, हें सिद्ध होतें. आणि सात वर्षांपूर्वींचा चाकर आतां एका वांट्याचा मुख्य झाला होता, हेंहि दिसतें. याच सुमारास वसाहतीवरील लंडनच्या व्यापाऱ्यांचें १८०० पौंडांचें कर्ज फेडण्याची हमी प्लिमथच्या आठ असामींनीं घेतली. त्या आठांत ब्रॅडफर्ड होता, आणि हाउलँडहि होता.

सगळेंच भूषणावह आहे असें मात्र नाहीं. १६३४ सालीं हाउलँड हा केनेबेक नदीवरील व्यापारी ठाण्याचा मुख्य होता. दुसऱ्या वसाहतीचा हॉकिंग नांवाचा मनुष्य तेथें हद्दींत शिरून व्यापार करूं लागला, व सांगूनहि ऐकेना. तेव्हां हाउलँडनें त्याच्या होडीचा नांगराचा दोर कापण्यास माणसें पाठविलीं. हॉकिंगनें त्यांतील एकास गोळी घालून ठार केलें, आणि लागलीच दुसऱ्यानें हॉकिंगला मारलें. चामड्याच्या व्यापारापायीं दोन जीव गेले. घराण्याचा खरा इतिहास लिहावयाचा, तर हें पानहि फाडून टाकतां येत नाहीं.

जॉन व एलिझाबेथ यांस दहा मुलें झालीं, आणि दहाहि वाढून संसारास लागलीं. त्या काळीं ही गोष्ट अपूर्वच होती. १६७३ च्या फेब्रुवारीच्या २३ तारखेस जॉन वारला. जुन्या कागदांत हें साल १६७२ असें दिसेल. कारण इंग्रजांचें वर्ष त्या वेळीं २५ मार्चला सुरू होई. १७५२ सालापासून तें १ जानेवारीस सुरू होऊं लागलें. हा भेद ज्यास ठाऊक नाहीं त्याची वंशावळ एका वर्षानें चुकते. एलिझाबेथ त्याच्यामागें पुष्कळ वर्षें जगली, आणि १६८७ च्या डिसेंबरांत, ऐंशी वर्षांची होऊन, आपल्या लीडिया या मुलीकडे वारली.

आतां त्या चुकीविषयीं. हाउलँडचे वंशज पुढें धनवान व प्रतिष्ठित झाले. घरांत परंपरेनें असें सांगत येत कीं, आपली मूळ आजी एलिझाबेथ ही गव्हर्नर कार्व्हरची मुलगी होती. ऐकावयास हें किती गोड! चाकरानें धन्याची कन्या वरली, आणि घराण्यास गव्हर्नरचें रक्त मिळालें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत वंशजांनीं प्लिमथच्या टेंकडीवरील स्मशानभूमींत जॉनची स्मारकशिळा उभारली, तेव्हां तींत हीच गोष्ट कोरविली. दगडांत कोरलेलें खोटें कोण म्हणेल?

ब्रॅडफर्डनें आपल्या हातानें लिहिलेला वसाहतीचा इतिहास फार दिवस बोस्टन येथील एका देवळाच्या ग्रंथसंग्रहांत होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमींत तो नाहींसा झाला. सुमारें ऐंशी वर्षें त्याचा पत्ता नव्हता. १८५५ सालीं एका इंग्रजी पुस्तकांतील उतारे वाचतांना अभ्यासकांच्या लक्षांत आलें कीं, हे ब्रॅडफर्डचेच शब्द आहेत. आणि तें हस्तलिखित लंडनच्या बिशपांच्या फुलम येथील ग्रंथालयांत सांपडलें. १८५६ सालीं तें छापलें गेलें. त्याच्या अखेरीस 'मेफ्लॉवर'वरील कुटुंबांची यादी आहे. कार्व्हरच्या कुटुंबांत त्याची बायको, चाकर, एक दासी व सांभाळास घेतलेलीं मुलें आहेत, मुलगी नाहीं. आणि तेथेंच स्वच्छ लिहिलें आहे कीं, चाकर जॉन हाउलँड यानें जॉन टिलीच्या मुलीशीं लग्न केलें. बेडफर्डशरमधील हेनलो गांवच्या चर्चच्या रजिस्टरांतहि टिलीच्या या मुलीच्या बाप्तिस्म्याची तारीख आहे: ३० ऑगस्ट १६०७.

म्हणजे घराण्याची मूळ माता गव्हर्नरची कन्या नव्हे. एका हिंवाळ्यांत सर्वस्व गमावलेली अनाथ मुलगी. पुढें वंशजांनीं स्मारकाची शिळा बदलली, आणि नव्या शिळेवर टिलीचें नांव घातलें. मला वाटतें, पहिली शिळा उभारण्यापेक्षां ती काढण्यांत त्या घराण्याचा अधिक मोठेपणा आहे. ज्या घराण्याची सुरुवात एका चाकरानें व एका पोरक्या मुलीनें झाली, त्याच घराण्यांत पुढें एमर्सन हा तत्त्वचिंतक, तसेच फ्रँकलिन रूझवेल्ट व बुश पितापुत्र हे अमेरिकेचे अध्यक्ष निपजले. परंतु ते निपजले नसते, तरी पाण्याखालीं दोर न सोडणारा तो तरुण आदरासच पात्र होता.

मुलांनो, घराण्याचा शोध घ्यावयाचा असेल, तर यांतून तीन गोष्टी ध्यानांत ठेवा. पहिली: प्रथम वडील मंडळींस विचारा, व तें कोणीं, केव्हां सांगितलें हें लिहून ठेवा. दुसरी: ऐकलेली गोष्ट कागदाशीं ताडून पाहा. शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, जन्ममृत्यूची नोंद, जुनीं पत्रें, यांपैकीं कांहींना कांहीं घरोघर असतेंच. घटना घडली त्या काळच्या कागदास मागाहून सांगितलेल्या गोष्टीपेक्षां अधिक मान द्या, मग ती गोष्ट दगडांत कां कोरलेली असेना. तिसरी: जी गोष्ट आपला मान वाढविते, ती दुप्पट काळजीनें तपासा, कारण ती खरी असावी अशी आपलीच इच्छा असते.

पालकांसहि एक विनंती आहे. मुलें विचारतील तेव्हां गरिबीच्या दिवसांची गोष्ट लपवूं नका. ती तुम्हीं सांगितली नाहीं तर दुसरें कोणीहि सांगणार नाहीं, आणि तिच्या जागीं कोठला तरी सरदार येऊन बसेल.

आणि ज्या मुलाचें पान कोरें राहिलें, त्यास मी इतकेंच सांगतों: बाळ, तुझे आजोबा कोणाच्या घरीं राहिले, पहाटे किती वाजतां उठत, पहिल्या पगाराचें त्यांनीं काय केलें, तुझ्या वडिलांना शाळेंत कोणत्या दिवशीं घातलें, हें घरीं विचारून ये. वही माझ्यापाशीं आहे. पान अजून कोरेंच आहे.