कपाशीच्या उत्पादनात कोणाचा वाटा किती?



आष्टी तालुक्यात (जि. वर्धा) एकाच गावात, एकाच वाणाच्या कपाशीचे उत्पादन शेतागणिक कमी-जास्त येते. हा फरक ओलितामुळे पडला की खतामुळे? पैसा आधी कशावर लावावा, हे यावर ठरते.

उत्पादनातील चढउताराच्या मापाला संख्याशास्त्रात ‘विचरण’ म्हणतात. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड केंद्रावर आर. ए. फिशर यांनी १९२० च्या दशकात त्याची कारणवार विभागणी करण्याची पद्धत घालून दिली. आपल्याकडे पानसे व सुखात्मे यांच्या १९५४ सालच्या ग्रंथातून अनेक कृषी संशोधक ती शिकले.

अडचण कोठे येते?

ज्याच्याकडे विहीर आहे, तो बहुधा खतही जास्त देतो. त्यामुळे दोहोंचे वाटे एकमेकांत मिसळतात. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एकट्या ओलिताने ५० टक्के चढउताराचा उलगडा होतो, एकट्या खताने ४० टक्के, पण दोन्ही मिळून ६० टक्केच.

१) ओलित आधी धरल्यास : ओलित ५०, खत १०.
२) खत आधी धरल्यास : खत ४०, ओलित २०.

म्हणजे जो आधी, त्याचा वाटा मोठा! म्हणून दोन्ही क्रमांची सरासरी काढावी. ओलित ३५, खत २५, बेरीज ६०. उरलेले ४० टक्के जमीन, कीड, पेरणीची वेळ इत्यादींचे. तीन कारणे असल्यास सहा क्रम होतात. दहा कारणांचे ३६ लाखांवर, म्हणून तेथे संगणक लागतो.

काय ध्यानात ठेवावे?

१) सर्वांनी स्फुरद सारखेच दिले असेल, तर चढउतारात त्याचा वाटा शून्य दिसेल. म्हणून स्फुरद निरुपयोगी ठरत नाही.
२) मोठा वाटा म्हणजे रुपयामागे मोठा नफा नव्हे. खर्च वेगळा मांडावा.

स्वतःच्या शेतात काय करावे?

सारख्या जमिनीचे चार समान तुकडे पाडावेत : ओलित व खत दोन्ही, फक्त ओलित, फक्त खत, दोन्ही नाही. शेताच्या निरनिराळ्या भागांत अशी मांडणी तीन-चारदा करावी. येथे ओलित व खत मुद्दाम वेगळे केल्याने वाट्यांची सरमिसळ होत नाही. प्रत्येक वेचणीचा कापूस तुकडानिहाय तोलून वहीत नोंदवावा. शेजाऱ्याच्या शेताशी तुलना करण्यापेक्षा ही वही खर्चाचा निर्णय घेताना अधिक उपयोगी पडेल.