एक कुळनाव, तीन वाटा

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात सेर्ग्य पौल या सुभेदाराचे नाव आपण वाचले असेल. ‘सेर्ग्य’ हे त्याचे कुळनाव होय. रोमी लोकांत ते कोणत्या घराण्याचे होते बरे?

सेर्ग्य, म्हणजेच लॅटिन भाषेतील सेर्गियस, हे रोममधील एक प्राचीन, कुलीन घराणे. इ.स.पू. ४३७ मध्ये या घराण्यातील लुसियस सेर्गियस फिडेनास हा कॉन्सल, म्हणजे त्या वर्षीच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक झाला.

पुढे हॅनिबलविरुद्धच्या युद्धाच्या काळात मार्कस सेर्गियस नावाजला. रोमी लेखक प्लिनी सांगतो, की त्याने उजवा हात गमावला, त्याला २३ जखमा झाल्या व शत्रूच्या कैदेतून तो दोनदा निसटला. लोखंडी हात बसवून तो पुन्हा लढला. तरीसुद्धा इ.स.पू. १९७ मध्ये तो प्रेटर असताना, शरीरात व्यंग असल्याच्या कारणावरून त्याला यज्ञविधीपासून दूर ठेवण्याचा प्रयत्न त्याच्या सहकाऱ्यांनी केला.

याच शूराचा पणतू कॅटिलीन. कॉन्सलपदाच्या निवडणुकीत वारंवार हरल्यावर त्याने सत्ता बळकावण्याचा कट रचला. इ.स.पू. ६३ मध्ये सिसेरोने तो उघडकीस आणला आणि पुढच्या वर्षी पिस्तोरियाजवळच्या लढाईत कॅटिलीन मारला गेला. पणजोबांनी मिळवलेल्या नावाला पणतूने काळिमा लावला, हे प्लिनीच्याही नजरेतून सुटले नाही.

आता सेर्ग्य पौलाकडे वळू या. मुक्त झालेले दास व नवे नागरिकही आपल्या आश्रयदात्याचे कुळनाव घेत. म्हणून केवळ नावावरून तो याच रक्ताचा होता असे म्हणता येत नाही. शास्त्रलेखही त्याच्या वंशाविषयी काही सांगत नाही. तो बुद्धिमान होता, त्याने बर्णबा व शौल यांना स्वतः बोलावून घेतले, अलीम जादूगाराने विरोध केला असतानाही देवाचे वचन ऐकले व विश्वास ठेवला, एवढेच तेथे नमूद आहे.

वाचकहो, यातून आपण काय शिकतो? घराण्याच्या नावामुळे मार्कसची अवहेलना टळली नाही, की कॅटिलीनचे पाऊल आवरले नाही. आपणांपैकी काहींना पूर्वजांचा अभिमान वाटत असेल, तर काहींना आपल्या कुळाची लाज वाटत असेल. परंतु पफे येथील त्या सुभेदारापुढे प्रश्न एकच होता: कानी आलेल्या वचनाचे मी काय करणार? त्याचे उत्तर त्याचे पूर्वज देऊ शकत नव्हते. आपलेही देऊ शकत नाहीत.